प्रकल्प नोंदी: पातळ नेहरू शर्टांवर मशीन भरतकाम, इचलकरंजी, मे ते जुलै २०२५

९ मे

दिंडीची ऑर्डर पक्की झाली. पांढरे नेहरू शर्ट ४८, चाचणीसाठी वर २. सगळे शिवून, काजं-बटणं होऊन आलेले. डाव्या छातीवर, खिशाच्या वर काम: ६० मिलिमीटरचा गोल, आत विठोबा, गोलाच्या कडेनं गावाचं नाव आणि दिंडी क्रमांक, खाली मोबाइल नंबर. १९ जूनला आळंदीहून माउलींचं प्रस्थान. म्हणजे माल १४ जूनच्या आत हातावेगळा हवा.

नंबर कशाला, असं विचारलं. आबा (दिंडीचे विणेकरी) म्हणाले, "गेल्या साली आमचा एक म्हातारा लोणंदात चुकला, दुसऱ्या दिवशी तरडगावात घावला. गळ्यात कार्ड हुतं, पर पावसानं त्याचा लगदा झालेला. म्हणून म्हटलं, अंगावरच लिवून टाकू."

कापड हातात घेतलं आणि जरा धसकाच बसला. कॅम्ब्रिक, आपल्या गावच्याच मागावरचं, पण असं पातळ की पावतीपुस्तकावर शर्ट ठेवला तर खालचा आकडा वाचता आला. माझं आजवरचं काम म्हणजे शाळेचे टी-शर्ट, टोप्या, हॉटेलचे एप्रन. जाड कापड आपल्या चुका पोटात घालतं. हे घालणार नाही. आबांनी त्याच ताग्यातलं दोन मीटर कापड आणून दिलंय, ते बरं झालं. १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा सोनाराच्या काट्यावर टाकला: ०.७ ग्रॅम. चौरस मीटरला ७०. शाळेच्या टी-शर्टाचं कापड याच्या जवळजवळ तिप्पट भरतं.

११ मे

पहिली चाचणी मुद्दाम नेहमीच्याच पद्धतीनं घेतली. काही न बदलता किती बिघडतं ते बघायचं होतं. आबांनी आणलेली डीएसटी फाइल (मशीनला टाके सांगणारी; कुणीतरी टोपीसाठी पंच केलेली, म्हणजे चित्राचे टाके पाडलेली), ९,६०० टाके, ४० नंबरचा पॉलिस्टर धागा, ७५/११ सुई, स्पीड ८५०, खाली फाडायचा पेपर (कापडाला आधार म्हणून, काम झालं की फाडून काढायचा), कापड फ्रेममध्ये हलगीसारखं ताणून.

व्हायचं तेच झालं. फ्रेम सोडल्या सोडल्या गोलाची वाटी झाली, मध्ये खोल आणि कडेनं चारी बाजूंना चुण्या. ट्यूबलाइटसमोर धरला तर कडेच्या साटन पट्टीला (शेजारीशेजारी दाट आडव्या टाक्यांची पट्टी) लागून उजेडाचे ठिपके, ओळीनं, मोजून घ्यावेत असे. मग पेपर फाडायला ओढला, आणि पेपराबरोबर कापडही सुटत गेलं. डावीकडून वरपर्यंत, पाव गोल. पोस्टाचं तिकीट सुटतं ना, अगदी तसं.

मावशी (फ्रेम भरायला आणि धागे कापायला माझ्याकडे असतात) म्हणाल्या, "सुई बोथट असंल." सगळे पहिल्यांदा हेच म्हणतात. सुई सकाळीच नवी घातली होती.

१२ मे

शेजारच्या मागवाल्या काकांची पिक ग्लास (कापडातले धागे मोजायचं भिंग) मागून आणली. इंचात ताण्याचे ८८ धागे, बाण्याचे ८०. म्हणजे बाण्याचा एक धागा सोडून दुसरा यायला साधारण ०.३२ मिमी. आता सुई. ७५ नंबर म्हणजे ०.७५ मिमी जाडी, सुईचा नंबर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. म्हणजे एका टोच्याला दोनपेक्षा जास्त धाग्यांची जागा लागते. आणि फाइलमध्ये साटनचे टाके ०.४ मिमीवर ठेवलेले. पाऊण मिलिमीटरचं भोक, दर ०.४ मिलिमीटरला! एक भोक दुसऱ्यावर चढणारच. गोलाचा घेर १८८ मिमी, त्यावर नुसत्या बाहेरच्या अंगाला ४७० टोचे. त्याच्या आतला अंडरले (वरच्या टाक्यांखालचे आधाराचे टाके) आणि भरणी वेगळीच.

टी-शर्टाच्या कापडात सूत सैल असतं, सुई आली की बाजूला होतं, गेली की परत येतं. इथे वीण घट्ट आणि सूत बारीक. सरकायला जागा नाही, म्हणून तुटतं.

काकांनी ग्लासमधून बराच वेळ तुकडा बघितला. "ही हितली भोकं सरकल्याली हायत, पाणी लावलं की मिटतील. पर ह्यो बघा, बाण्याचा धागाच तुटलाय. ह्यो आता येत न्हाई माघारी."

हा फरक माझ्या डोक्यात आजवर कधी आला नव्हता. तुकडा ओला केला, अंगठ्यानं चोळला, वाळवून इस्त्री केली. काका म्हणाले तसंच. निम्मे ठिपके गेले, निम्मे राहिले. यापुढे प्रत्येक चाचणी ओली करून, वाळवून मगच उजेडासमोर धरायची. सुकी बघून निकाल द्यायचा नाही.

१४ मे

सुया. ६५/९ घातली, टोकदार. मग तीच जाडी, पण टोक किंचित गोल. विणलेल्या कापडाला टोकदार आणि होजिअरीला गोल टोक, हा नेहमीचा नियम. या कापडावर मला दोन्हींत फरक दिसला नाही. जाडीनं मात्र फरक पडला: ७५च्या मानानं तुटलेले धागे निम्म्यावर आले. निम्म्यावरच. फाइल तीच, पेपर तोच, आणि पेपर ओढताना कापड परत सुटलं, यावेळी पाव गोलाऐवजी बोटभर.

नवी अडचण: ६५च्या नेढ्यात ४० नंबरचा धागा घासतो, दर दोन-तीन मिनिटांनी तुटतो. बारीक सुईला बारीक धागा लागणार. ६० नंबरचा पॉलिस्टर मागवला, भगवा आणि काळा.

सुईचं टोक बघायची माझी पद्धत: नखावरून हलकेच ओढायची. नखावर ओरखडा उठला तर टोक मुडपलंय. आणि सुईखालच्या प्लेटच्या भोकाभोवती कापसाचा बोळा फिरवायचा. तंतू अडकला तर तिथे खरवड आहे. अडकला! बारीक एमरीनं घासून काढली. ही खरवड टोप्यांवर दोन वर्षं चालून गेली असणार.

१७ मे

आज दिवसभर पेपर. एकाच कापडावर, एकच फाइल, ६५ सुई, धागा ६० नंबरचा, चार तुकडे.

फाडायचा पेपर: टाके पडतात तोवर ठीक. काढताना हिसका बसतो आणि टोच्यांची ओळ उसवते. या कापडाला बाद.

जाड कापायचा पेपर: भोकं कमी. पण पांढऱ्या शर्टातून चौकोन आरपार दिसतो आणि छातीला पुठ्ठ्यासारखा लागतो. उन्हातान्हात शेकडो किलोमीटर हे अंगावर घालून चालायचंय. बाद.

जाळीचा मऊ पेपर, एक थर: दिसत नाही, टोचत नाही. चुण्या मात्र आल्या.

जाळीचाच, दोन थर, एक उभा आणि दुसरा तिरका ठेवून: एका बाजूला ताण खाणारी जाळी दुसऱ्या थरानं धरून ठेवली. चुण्या बऱ्याच कमी. हाच घेतला.

वरून पाण्यात विरघळणारी फिल्मही लावून बघितली. टॉवेलला ती लागते, इथे काही उपयोग नाही.

चारही तुकडे भिंतीला टाचणीनं लावलेत. मावशी त्यांना "चार जावा" म्हणतात. चौथी जाऊ सगळ्यात बरी, पण गोल अजून वाटीच होतोय.

१९ मे

पंचिंगवाल्या दादांकडे गेले. दोन तास बसले आणि खरा घोटाळा तिथे सापडला.

स्क्रीनवर फाइल टाका-टाका करून चालवली. गोल आधी पूर्ण भरलाय. त्या भरणीवर विठोबा भरलाय. विठोबावर टिळा आणि तुळशीमाळ. म्हणजे माळेच्या जागी कापडावर तीन मजले, आणि प्रत्येक मजल्याखाली अंडरले. सुईला काय, ती सांगाल तितक्यांदा खाली जाईल. कापडानं किती सोसावं?

त्याहून वाईट अक्षरं. हे आपल्या लिपीचंच दुखणं आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवते. सॉफ्टवेअरमधून देवनागरी टाइप केली की प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा स्वतःबरोबर घेऊन येतं. 'क्रमांक' मध्ये क्र ची रेघ, मा ची रेघ, क ची रेघ, आणि जोड दिसू नये म्हणून प्रत्येक रेघ शेजारणीवर थोडी चढवलेली. त्या चढलेल्या जागी साटन दुप्पट. त्यातच तिथे अक्षराचा उभा दंड येऊन भिडतो. त्यात आणि प्रत्येक अक्षर सुरू करताना नि संपवताना मशीन तीन-चार बारीक लॉक टाके मारतं, तेही नेमके त्याच कोपऱ्यात. नखाएवढ्या जागेत टाक्यांची चेंगराचेंगरी. ११ तारखेचा तुकडा बरोबर नेला होता, ग्लासमधून बघितला: अक्षरांतलं प्रत्येक भोक शिरोरेषेच्या जोडावरच होतं. एकही इकडे-तिकडे नाही.

रोमन अक्षरं सुटी सुटी असतात, त्यांना हा ताप नाही. आणि आपल्यात देवाचं नाव जेवढं मोठं तेवढे टाके दाट. 'श्री', 'क्षेत्र', 'ज्ञानोबा' हे तीन शब्द ७ मिलिमीटर उंचीत साटनमध्ये भरून बघा.

दादांशी ठरलं ते असं. शब्दाची शिरोरेषा एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. अक्षरांचे दंड तिच्या खालून सुरू, तिच्यावर चढवायचे नाहीत. लॉक टाके कोपऱ्यात नको, दंडाच्या मध्यावर. साटनला ०.४ ऐवजी ०.४५. अंडरले फक्त मधून एक धावदोरा, कडेनं नको, कारण कडेचा अंडरले आणि साटनची कड मिळून टोच्यांच्या दोन समांतर ओळी पडतात आणि कापड तिथूनच सुटतं. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा छोटे टाके सगळे गाळायचे. रफार नि अनुस्वाराचा ठिपका भरायचा नाही, दोन-चार टाक्यांत आटपायचा.

दादा म्हणाले, "ताई, एवढं हातानं पंच करायचं म्हणजे दिवस जातो. फाँटमध्ये दोन मिनिटांचं काम आहे." दिवसाचे पैसे देते म्हटलं.

२० मे

फाइल आली नाही.

२२ मे

आबा दुकानात आले. त्यांना भिंतीवरच्या चार जावा दाखवल्या, फाटका गोल दाखवला, आणि सांगितलं की भरलेला विठोबा या कापडावर होणार नाही. रेघेचा होईल.

आबा गप्प. मग म्हणाले, "पांडुरंग काळा हाय बाई. रेघेचा कसा करणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त फाटका तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही अंगठ्यांनी ताणला, आणखी फाटला. "पंढरीपर्यंत टिकायचं न्हाई हे," म्हणाले. मग स्वतःच उलगडा केला: काळ्या धाग्याची रेघ, कटेवर हात तेवढे ठळक, टिळा भगवा. गोलाची साटन पट्टी काढून टाकली. 'श्री क्षेत्र' गेलं. "क्षेत्राला जायाचंच हाय, लिवायचं कशाला?" असं तेच म्हणाले.

नंबर मात्र मोठा करा म्हणाले. तो मीही वाढवणारच होते. ५ मिमीचे आकडे ६ वर नेले, आणि दोन ओळींत पाच-पाच. एका ओळीत दहा आकडे बसवायचे तर एकमेकांना चिकटवावे लागले असते.

एक कटकट इथेच लिहून ठेवते. आमच्या धंद्यात मजुरीचा दर हजार टाक्यांमागे ठरतो. ९,६०० टाक्यांची फाइल तशीच मारली असती तर बिल तिप्पट झालं असतं. दिवसभर डोकं चालवून टाके कमी करा आणि आपलेच पैसे कमी करून घ्या, असा हा हिशोब आहे. या ऑर्डरला नगावर दर सांगितला. आबांनी घासाघीस केली, पण हजारावरून नाही.

२४ मे

नवी फाइल: २,८०० टाके. कापडावर चालवली. वाटी झाली नाही. ओला करून वाळवलेला तुकडा ट्यूबलाइटसमोर: एक ठिपका, 'क्र' च्या तिरक्या रेघेपाशी. तिथला एक टाका दादांनी फोनवरूनच काढला आणि फाइल परत पाठवली. सुई ६५च होती, पेपर जाळीचाच होता, म्हणजे १७ तारखेपासून मशीनवर काही बदललं नव्हतं. बदललं ते फाइलमध्ये.

भगवा धागा ६० नंबरचा आणि टाके ०.४५वर, त्यामुळे मधून पांढरं कापड किंचित डोकावतं. हातभर लांबून कळत नाही. ग्लास लावून बघणाऱ्याला कळेल, तर कळू दे.

पहिल्या खऱ्या शर्टाची चाचणी. शर्ट फ्रेममध्ये धरला आणि सोडल्यावर गोल वळ उठलेला, चकचकीत. पाण्याचा फवारा आणि इस्त्री यांनी बराचसा गेला, सगळा नाही. आता शर्ट फ्रेममध्ये धरायचाच नाही. फ्रेममध्ये नुसती जाळी, दोन थर, ताणून. तिच्यावर चिकट स्प्रेचा हलका फवारा (मशीनपासून लांब, गॅलरीत, नाहीतर हुकात चिकटा बसतो). त्यावर शर्ट नुसता ठेवायचा, तळहातानं मधून बाहेर सपाट करायचा, ओढायचा नाही. मग सगळ्याभोवती लांब टाक्यांचा कच्चा धावदोरा, शेवटी उसवायचा. त्याची भोकं पाण्यानं मिटतात, बघून झालं.

ओढायचा नाही, हे मावशींच्या हाताला शिकवायला सगळ्यात वेळ गेला. वीस वर्षं फ्रेम भरताना कापड ताणलेला हात तो. कापड ताणून टाके मारले की फ्रेम सुटल्यावर कापड मूळ जागी जातं, टाके जात नाहीत, आणि चुण्या पडतात. शेवटी म्हटलं, "मावशी, पोळी तव्यावर टाकता तसा टाका." जमलं.

२६ मे

मुंबईत मान्सून पोचला म्हणे, मे महिन्यात. इकडेही वळीव थांबायचं नाव घेत नाही. नेमकी आजपासून धुण्याची चाचणी काढली होती.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, पॉलिस्टर धागा आटत नाही. भरतकाम आज सपाट दिसलं तरी पहिल्या धुण्यानंतर त्याच्याभोवती कापड गोळा होणार. चाचणीचे दोन शर्ट घेतले: एक कोरा भरलेला, दुसरा आधी कोमट पाण्यात बुडवून, पंख्याखाली वाळवून, इस्त्री करून भरलेला. दोन्ही साबणाच्या वडीनं हातानं धुवायचे, पाच वेळा. वाळता वाळत नाहीत.

३० मे

पाच धुणी झाली. कोऱ्या शर्टाच्या नंबराभोवती चुण्या. मोठ्या नाहीत, पण ३ आणि ८ चाळवल्यासारखे दिसतात. आधी भिजवलेला सपाट राहिला. भगव्याचा रंग दोन्हींत उतरला नाही, ओला शर्ट रात्रभर घडी करून ठेवूनही नाही.

आणखी एक दिसलं, ते आधी लक्षात यायला हवं होतं. भिजवलेल्या शर्टात तुटलेला धागा एकही नाही, कोऱ्यात दोन. कोऱ्या कापडाला खळ असते. सायझिंगच्या (सुताला खळ लावण्याच्या) गावात राहून मला हे कुणी सांगायला नको होतं. खळीनं कडक झालेलं सूत सुईला वाट देत नाही. धुतलेलं मऊ सूत देतं. खळ असलेलं कापड हाताला छान उभं राहतं, मशीनवर ठेवायला सोपं जातं, म्हणून मीही आजवर तसंच भरत आले.

म्हणजे ४८ शर्ट आधी भिजवायचे. या पावसात. आबांना फोन करून सांगितलं की कोरी कडक घडी मिळणार नाही. "घडी कोण बघतंय, वाखरीला पोचंस्तवर सगळं सारखंच," म्हणाले.

१ जून

माडीवर दोऱ्या बांधल्या, दोन पंखे लावले. एका वेळी १६ शर्ट वाळतात. पहिले १६ आज मशीनवर.

सेटिंग लिहून ठेवते. सुई ६५/९ टोकदार. वर ६० नंबरचा पॉलिस्टर, बॉबिनला पांढराच. स्पीड ६००. वरचा ताण नेहमीपेक्षा सैल: साटन उलटं करून बघितलं की मधला एक तृतीयांश पांढरा दिसला पाहिजे. पाय (प्रेसर फूट) खाली घेतला, कापडाला जेमतेम टेकेल एवढा. टोप्यांसाठी तो वर ठेवलेला होता. तसाच ठेवला तर पातळ कापड सुईबरोबर वर उचलतं, खाली आपटतं, आणि खालच्या बाजूला गुंता होतो.

शर्टामागं मशीनवर सात मिनिटं, फ्रेम भरणं, कच्चा दोरा उसवणं, मागचे धागे कापणं धरून वीस. आज ११ झाले.

मागचे धागे अगदी बुडाशी कापायला लागतात. भगव्याचं एखादं शेपूट राहिलं तर पांढऱ्या शर्टातून शीर दिसावी तसं दिसतं.

४ जून

एक शर्ट गेला. लाईट गेली, ऐन नंबर चालू असताना. आली तेव्हा मशीननं आपणहून थोडे टाके मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. सातवर सात बसला. एवढ्याशा जागेत टाके दुप्पट, आणि काढायला गेले तर कात्रीचं टोक कापडात. चूक माझी, घाई केली. उसवायचं तर उलट्या बाजूनं बॉबिनचा धागा कापायचा, म्हणजे वरचा आपोआप सुटतो. मला हे माहीत आहे, दुसऱ्यांना शिकवते मी.

यापुढे लाईट आली की आधी फ्रेमजवळ जाऊन बघायचं, सुई कुठल्या टाक्यावर उभी आहे ते, मागे गेली असेल तर पुढे आणायची आणि मगच चालू करायचं. माझा इन्व्हर्टर छोटा आहे, त्यावर मशीन चालत नाही. चाचणीतला भिजवलेला शर्ट त्याच्या जागी मोजला. एक शिल्लक.

रफूवाल्या चाचांकडे फाटका शर्ट नेला. त्यांनी शर्टाच्याच आतल्या शिवणीतून सूत काढलं आणि पाऊण तासात भोक बुजवलं. शोधावं लागतं कुठे होतं ते. तरी तो शर्ट आबांना सांगूनच देणार.

७ जून

गुंता झाला. मावशी चहा करायला गेल्या, मी फोनवर, आणि मशीनचा आवाज बदलला. टकटक होती तिथे घर्र. थांबवलं तेव्हा फ्रेम प्लेटला घट्ट धरून बसलेली. खाली धाग्याचा गोळा.

इथे माणूस हमखास फ्रेम वर ओढतो. ओढली असती तर नखाएवढं भोक पडलं असतं, जाड कापडाचीही मी तशी भोकं पाडलीत. यावेळी हात मागे घेतला. वरचा धागा कापला. दाढीचं पातं चिमट्यात धरून फ्रेम आणि प्लेट यांच्या मधून आडवं सरकवलं आणि गोळा थोडा थोडा कापत गेले, कापडाकडे धार न लावता. दहा मिनिटं लागली. फ्रेम आपणहून सुटली. कापड शाबूत.

कारण शोधलं: बॉबिन केसमध्ये रुईचा बोळा बसलेला. दर दहा शर्टांनी ब्रश मारायचा ठरवलं. सुईही २५ शर्टांना बदलायची, चांगली चालत असली तरी.

१० जून

३९ झाले. काही विशेष नाही. आवाज बरोबर येतोय.

१३ जून

४८ पूर्ण. शेवटची तपासणी: प्रत्येक शर्ट ट्यूबलाइटसमोर, मग मागची जाळी कामाच्या बाहेर बोटभर ठेवून कापणे, मग पाण्याचा फवारा आणि उलट्या बाजूनं इस्त्री, खाली टॉवेल घेऊन. टॉवेलमुळे टाके दबत नाहीत.

संध्याकाळी आबा आणि त्यांची नात आली. रफूचा शर्ट मी वेगळा काढून ठेवला होता, कुठे बिघडला तेही सांगितलं. आबांनी चष्मा वर-खाली करून बघितलं, सापडलं नाही. "ह्यो मी घालतो," म्हणाले. मग नातीला रस्त्याच्या पलीकडे उभं केलं आणि शर्ट छातीशी धरून नंबर वाचायला लावला. तिनं दहाही आकडे बरोबर वाचले. विठोबा तिथून दिसत नव्हता.

निघताना विनंती केली: वारीहून आल्यावर दोन शर्ट न धुता माझ्याकडे पाठवा.

१५ जुलै

दोन शर्ट आले. एक आबांचा.

रोज हातानं धुतलेले, पावसात भिजलेले, एकावर डिंकासारखं काहीतरी सांडलेलं. ट्यूबलाइटसमोर धरले. तुटलेला धागा: आबांच्यात एकही नाही, दुसऱ्यात एक, 'क्र' पाशी, तोच कोपरा. रफू टिकलाय. चुण्या नाहीत. काळा थोडा विटलाय, भगवा तसाच.

एक गोष्ट चुकली. मागची जाळी मी चौकोनी कापली होती. चारही कोपरे धुण्यात मुडपून वर आलेत आणि आबांच्या शर्टावर आतून त्या जागी कापड खरबरीत झालंय. आबांनी त्याबद्दल काही सांगितलं नाही, पण नात म्हणाली की ते पहिले तीन दिवस तिथे हात लावत होते. पुढच्या वर्षी जाळी गोल कापायची. आणि 'क्र' ची तिरकी रेघ दादांकडून पुन्हा बघून घ्यायची.